मिस्त्रींचं नाक

गल्लीच्या तोंडाशी फर्निचरचं काम करणारे मिस्त्री डोळे मिटून लाकूड ओळखायचे. फळी हातात घ्यायची, नाकाला लावायची, की निकाल. "साग आहे, पण ओला. गंडवलंय तुम्हाला." लोक त्यांना तोंडावर मिस्त्री आणि पाठीमागं नाकवाले म्हणत. त्यांना दोन्ही आवडायचं.

लेक दवाखान्यात नर्स. आई गेली त्या वर्षी तिनं दोन सरडे आणले, वीतभर लांब, पिवळट, ठिपक्यांचे. घरात हलतं-चालतं कुणीतरी हवं म्हणून. माशांच्या जुन्या टाकीत ती जोडी दाटीवाटीनं राहायची.

"मी जगाची कपाटं करायची आणि माझ्या लेकीच्या जनावरांनी बरणीत राहायचं?" असं म्हणत मिस्त्रींनी प्लायवूडचं, पुढून काच लावलेलं ऐसपैस घर केलं. आतून-बाहेरून व्हार्निशचे तीन हात. तोंड दिसावं असं चकचकीत.

तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, वास येतोय अजून."

"कसला डोंबलाचा वास! खडखडीत वाळलंय. चाळीस वर्षं याच नाकावर घर चाललंय आपलं."

सरडे आत गेले. उबेचा दिवा लागला, लाकूड तापलं. आठवड्याच्या आत मादी गेली, तोंड वासून, काचेला टेकून. लेकीनं तिला रुमालात गुंडाळलं, नराला पुन्हा टाकीत ठेवलं. मग पिशवी उचलून ड्यूटीला गेली.

मिस्त्री दुकानात गेले. व्हार्निशचा डबा उघडून नाकाशी धरला. काही नाही. मग थिनरचा. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. याच डब्यांनी ते नाक कधी खाऊन टाकलं, त्यांना कळलंही नव्हतं. लाकूड ओळखत होता तो हात, फळीच्या वजनानं, रेषांनी. नाक नुसतं मिरवत होतं.

दुसरं घर करताना त्यांनी प्लायवूड बाजूला सारलं, त्याच्या थरांत डिंक असतो, तापला की तोही वास सोडतो. व्हार्निशचा तर डबाच फेकला. तळाला न्हाणीघराच्या उरलेल्या फरश्या, तापल्या तरी निर्धोक, पुसायला सोप्या. बाजूंना काच, कडा दगडावर घासून बोथट केलेल्या. वर ॲल्युमिनियमची जाळी. पण सांधे भरायला सिलिकॉन लागलंच, आणि वाळेपर्यंत वास त्यालाही असतो. तिथं गाडं अडलं.

त्यांनी ते घर लेकीसमोर ठेवलं.

"पुन्हा?" ती म्हणाली.

"तू हुंगून बघ."

"तुम्हीच हुंगा की. तुमचं नाक…"

"मेलंय ते."

मग गुडघ्यांवर बसून तिनं आत डोकं घातलं. "येतोय. आंबूस."

मिस्त्रींनी घर उचलून गॅलरीत नेलं. रोज सकाळी ड्यूटीला जायच्या आधी ती डोकं घालायची आणि ते चहा हातात धरून उभे. "आहे." दुसऱ्या दिवशीही, "आहे." शेजारीण कठड्यावरून ओरडली, "काय गं, बापलेक तुम्हीच राहायला जाताय होय त्यात?" हसलं कुणी नाही.

अकराव्या दिवशी ती म्हणाली, "गेला."

"नक्की?"

"नक्की."

"उद्या बघ परत एकदा."

तिनं परत बघितलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. मग न विचारताच टाकीतून नराला काढून तिनं बापाच्या तळहातावर ठेवलं.

"तुम्ही सोडा."

मिस्त्रींनी हात आत नेला, फरशीला टेकवला. सरडा कधीच उतरून दिव्याखाली जाऊन बसला होता, तरी हात तिथंच होता.