फोनमधला धवला

खाडीकाठच्या आमच्या पाचसहा गावांत माझ्या सासूबाईंना धवलारीण म्हणून मान. धवलारीण म्हणजे लग्नातला एकेक विधी गाण्यातून, म्हणजे त्या त्या विधीच्या धवल्यातून, लावून देणारी बाई. तिने एक ओळ म्हणायची, मागून बायकांनी उचलायची. भटजीला उशीर झाला तर आमच्याकडे चालतं, धवलारणीला झाला तर खपत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबुज. त्यातच नणंदेच्या लेकीचं लग्न ठरलं. एकुलती नात, लाडाची. सासूबाईंनी सांगून टाकलं, "धवल्याबिगर हलद लागनार आसंल तर मी मांडवात येनार न्हाय." आवाज नव्हता, पण दम पूर्वीचाच.

आता गायचं कोणी? मी तर माहेरी भजनालासुद्धा टाळ धरायची, तेही "हळू वाजव" असं बजावून दिलेले. पण चकलीच्या डब्यात सासूबाईंच्या जुन्या कॅसेटी होत्या, सासऱ्यांनी हौसेने भरलेल्या. म्हटलं, घालू सगळ्या फोनमध्ये. त्यात काय मोठंसं!

शेजारून टेपरेकॉर्डर मागून आणला आणि त्याच्यासमोर फोन ठेवून रेकॉर्डिंग लावलं. एका धवल्यात कुकरची शिट्टी शिरली. दुसऱ्यात, म्हावरं विकायला आलेल्या बाईशी मी घातलेली हुज्जत. कॅसेट गुंतली की पेन्सिलीने फिरवायची, मधेच कुणाचा फोन आला की कपाळावर हात मारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. ऐकून ऐकून कान किटले माझे. पण गेले एकदाचे सगळे धवले फोनमध्ये. सासूबाईंच्या कानाला लावले, तर त्या ऐकतच राहिल्या. "कसा गो आवाज होता माजा," म्हणाल्या.

हळदीच्या संध्याकाळी डीजेवाल्याला गप्प बसवून मी फोन त्याच्या स्पीकरला जोडला. नवरीच्या गालाला पहिली हळद लागली, मी ऐटीत बटण दाबलं आणि सासूबाईंचा खणखणीत आवाज मांडवभर घुमला. बायकांचे हात जागच्या जागी थांबले. नणंद किंचाळली, "वहिनी, बंद कर आधी!"

पाठवणीचा धवला लागला होता. लेक सासरी निघाली की म्हणायचा तो! मला सिनेमाची गाणी उलटसुलट ऐकायची सवय, फोन तसाच, मनाला येईल ते गाणं लावण्यावर राहिलेला. त्या मेल्याला काय कळणार, आधी हळद की आधी पाठवणी! घाईघाईने पुढचं लावलं, तर मांडव घालायचा धवला. मांडव सकाळीच घालून झालेला. नवरी रडवेली झाली. माझी बोटं हळदीने माखलेली, फोन काही केल्या ऐकेना.

तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. फोन डीजेवाल्याकडे दिला आणि माझ्या कानाशी तोंड आणून हळदीच्या धवल्याची पहिली ओळ कुजबुजल्या. "म्हन."

"आई, मला नाही येत हो!"

"फोनमंदी भरताना इतक्यांदा ऐकलंस ना? मंग? म्हन, लाजतंस काय!"

म्हटलं. सूर रेवसच्या बंदरात आणि मी तिकडे लांब काशीदच्या किनाऱ्याला! दोघीतिघी पदराआड हसल्या, पण हसत हसत त्यांनी ओळ उचलली. मग बाकीच्यांनीही. हळदीचे हात पुन्हा चालू लागले, नवरी डोळे पुसून हसली. सासूबाई कुजबुजायच्या, मी ओरडायची, बायका मागून म्हणायच्या. मजाच यायला लागली मला.

दोन कडवी झाली आणि कानाशी कुजबुज आलीच नाही. माझ्या तोंडातून पुढची ओळ आपसूक निघून गेली होती. वळून पाहिलं, तर सासूबाई मागे बायकांच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर नुसते ओठ हलवत माझी ओळ उचलत होत्या.