झोळी सोडून ठेवा

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. मी कोथरूडमधल्या एका चौकीत उपनिरीक्षक होतो. तिथल्या सोसायट्यांत नवरा-बायको दोघंही सकाळीच कंपनीच्या बसने हिंजवडीला जात. मुलं सांभाळायला घरोघरी बाई असे.

एका दुपारी अशाच एका सोसायटीतल्या काकूंचा फोन आला. "अहो, आमच्या समोरच्या घरातली चार वर्षांची मुलगी गेली. गळ्यावर वळ आहे. बाई काय करत होती, ते आपणच विचारा."

अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला आणि बाईला चौकीत आणलं. मूळची विदर्भातली. दिवेलागणीपर्यंत तिला बाकावर बसवून ठेवलं.

"साहेब, मी बाळाले आंघोळ घालत होती जी. बाळाची ताई झोळीत खेळत होती."

"मग वळ आपोआप उठला?" मी ओरडलो. बाहेर बसलेला तिचा नवरा सगळं ऐकत होता.

पंचनाम्यात मी 'साडीची झोळी, एक' एवढंच लिहिलं होतं. बाळाला झोपवायला घरोघरी असते, म्हणून नीट पाहिलीही नव्हती. आमच्या महिला हवालदार त्या घरी पुन्हा जाऊन आल्या. म्हणाल्या, "साहेब, मोठी मुलं यात बसून गरगर फिरतात. साडीला पीळ पडतो, तो मानेशी आवळतो. तोंडातून आवाजही निघत नाही." शवविच्छेदनातही तेच निघालं. बाईला मी म्हटलं, "जा आता." बस्स, एवढंच.

जबाब घेताना त्याच सोसायटीत आणखी तीन घरांत झोळ्या पाहिल्या होत्या. कुणालाच काही बोललो नाही. फाइल बंद केली.

महिन्याभराने पासपोर्टच्या चौकशीसाठी तिथे गेलो. जिन्यात तीच बाई एका दाराशी उभी होती. "बाळ उठलं का झोळी सोडून ठेवा, ताई. मोठ्या पोराले बसू देऊ नका."

"तुला कुणी विचारलंय? तुला चौकीत नेलं होतं, माहीत आहे आम्हाला!" दार आपटलं.

ती वळली. मला पाहताच हात जोडले. "साहेब, मी काहीच नाही केलं जी."

माफी मागायला हवी होती. ती न मागताच मी त्याच दाराची बेल वाजवली. गणवेश पाहून दार उघडलं. तिचंच वाक्य मी सांगितलं. "हो साहेब," म्हणत त्या घरातल्या बाईंनी स्टूल ओढलं आणि झोळी सोडली.

काम इतकं सोपं होतं. ते मी तिच्यावर सोडलं होतं, आणि तिचं कुणी ऐकणार नाही, याची व्यवस्थाही मीच केली होती.