आराखड्यातला सामाईक माळ

माझं काम नकाशे काढायचं. विमानतळांचे आराखडे करणाऱ्या पुण्यातल्या एका सल्लागार कचेरीत मी बारा-तेरा वर्षं कॉम्प्युटरवर रेषा ओढते आहे. नातेवाइकांना वाटतं, विमानतळाचं काम म्हणजे मोठाच झगमगाट असणार. मी आजवर विमानात बसलेली नाही. ज्या विमानतळाचे नकाशे मी सगळ्यात जास्त काढले, तो अजून झालेला नाही, आणि मी नोकरीत असेपर्यंत होईल असंही मला वाटत नाही.

हा विमानतळ अर्धा लष्कराचा आणि अर्धा प्रवाशांचा. धावपट्टी एकच, वापरणारे दोन. आराखडा तीस वर्षं पुढचा. पहिल्या टप्प्यात धावपट्टी आणि लष्कराचं आवार, दुसऱ्यात प्रवाशांची इमारत, तिसऱ्यात 'भविष्यातील वाढीसाठी राखीव' म्हणून फिकट हिरव्या रंगाचा एक मोठा तुकडा. दर चार-पाच वर्षांनी फेरआढावा होतो, आणि मग तीस वर्षं पुन्हा त्या दिवसापासून मोजायची असतात. त्यामुळे तिसरा टप्पा कधी जवळ येतच नाही. नकाशाचं नाव बदलतं, तारीख बदलते, साहेब बदलतात. मी मात्र तोच हिरवा तुकडा नव्या पानावर उतरवत बसते. या गुऱ्हाळाला मी कंटाळले आहे, हे आधीच सांगून टाकते.

त्या हिरव्या तुकड्यात आमचा माळ आहे.

आमचं गाव लोणीच्या पलीकडे, आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेच्या अंगाला. तालुक्याच्या पश्चिमेला भात होतो, मधल्या पट्ट्यात ऊस आणि कांदा, आणि आमच्याकडे कुसळं. घराणं मेंढपाळांचं. आता गावात सगळे शेतीच करतात, पण माझ्या वडिलांनी, आबांनी, मेंढरं सोडली नाहीत. आठ-नऊ एकर मुरमाड माळ त्यांच्या नावावर आहे आणि तिथेच त्यांचा कळप असतो. उन्हाळ्यात नदीकाठचे बागायतदार त्यांना बोलावतात. मोकळ्या रानात चार रात्री मेंढरं बसवायची, रानाला लेंडीखत मिळतं, मेंढरांना चारा मिळतो, आबांना दाणे मिळतात. रान एकाचं, मेंढरं दुसऱ्याची, उपयोग दोघांचा. यात कुणाला काही नवल वाटत नाही.

पहिल्यांदा आराखडा आला तेव्हा कचेरीतल्या सरांनी मला बोलावलं. गावकऱ्यांना वाचायला मराठीत चार पानांचा सारांश द्यायचा होता, आणि मराठी धड लिहिणारी कचेरीत मी एकटीच. इंग्रजी मसुद्यात पानोपानी लष्कर आणि नागरी विमानसेवा यांचा 'जॉइंट यूज' होता. सरकारी मराठीत त्याला 'संयुक्त वापर' म्हणतात. मी म्हटलं, हे आमच्या लोकांना काय कळणार? मी 'सामाईक वापर' लिहिलं. सामाईक म्हटलं की आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सामाईक बांध, सामाईक विहीर. सातबाऱ्यावर तसंच लिहिलेलं असतं. आमची आणि चुलत्यांची विहीर सामाईक आहे, मोटारीचे वार ठरलेले आहेत. सोमवार-मंगळवार आमचे, पुढचे दोन त्यांचे. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी डबा खाताना शेजारच्या मुलीला तो शब्द वाचून दाखवला.

घरी गेले तेव्हा आबांनाही सारांश वाचून दाखवला. आबांना सही करता येते, वाचता फारसं येत नाही. त्यांनी चारही पानं शांतपणे ऐकली. "सामाईक हाय म्हंजी झालं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, त्यांना समजलं. खरं तर त्यांना जे समजलं ते मी लिहिलंच होतं, पण आराखड्यात ते नव्हतं.

सुनावणी गावातच, शाळेसमोर मांडव घालून झाली. नकाशा लावायला मीही गेले होते, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं. सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी पडद्यावर रंग दाखवले आणि म्हणाले, "धावपट्टी सामाईक वापरात राहील. लष्कराच्या वेळा वेगळ्या, प्रवासी विमानांच्या वेगळ्या. तसं वेळापत्रक ठरेल."

आबा उठून उभे राहिले. पटका नीट केला.

"साहेब, म्हंजी इहिरीवानी व्हय?"

साहेबांना कळलं नाही.

"इहिरीवर वार ठरल्याले असत्यात, तसं. येक वार लष्कराचा, येक वार पॅशिंजरचा. मंग आमचा वार कोंचा?" मांडवात खसखस पिकली, पण आबा थांबले नाहीत. "रोज नगं आमाला. इमान उतरायचं नसल तवा कडंकडंनं मेंढरं चरत्याल. गवात वाडलं तर तुमाला बी कापायलाच लागंल की. लेंडीखताचं आमी कायबी मागत न्हाई."

लोक मोठ्यानं हसले. "आरं, मेंढराला तिकीट लागंल राव," असं मागून कुणीतरी म्हणालं. मी नकाशाच्या मागे उभी होते, आणि लाज वाटली ती मला आबांची वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते. साहेब बिचारे सभ्य होते. "सूचना चांगली आहे बाबा, नोंद घेतो," म्हणाले आणि शेजारच्या कारकुनाकडे बघून मान हलवली. कारकुनानं लिहून घेतलं.

आबा समाधानानं खाली बसले. जन्मभर ज्या माणसानं तलाठ्याच्या नोंदीसाठी हेलपाटे घातले, त्याच्यासमोर एका साहेबानं मागितल्याबरोबर नोंद घेतली होती. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. पुढच्या महिन्याभरात गावातल्या झाडून सगळ्यांनी लेखी हरकती दिल्या. आबांनी दिली नाही. शेजारचे दोघे विचारायला आले तर त्यांनाही म्हणाले, "पोरीनं सोता लिवलंय, सामाईक हाय. आपली नोंद झालीया." त्या दोघांनीही मग हरकत दिली नाही.

मला हे फेरआढावा आला तेव्हा कळलं. ज्यांच्या हरकती होत्या, त्यांचे कडेचे गट आराखड्यातून वगळायचे ठरले होते. गट क्रमांकांची यादी माझ्या टेबलावर आली. मी एकेक गट बाहेर काढत हद्दीची रेष आत ओढत गेले. आबांचा आणि त्या दोन शेजाऱ्यांचा गट यादीत नव्हता. मी यादी तीनदा वाचली, मग रेष त्यांच्या बाहेरून नेली. एक धड सरळ रेष होती, ती तिथे पिशवीसारखी फुगली. नंतर खाली जाऊन चहा प्यायले. घरी फोन केला नाही.

फेरआढाव्यानं माळावर काही झालं नाही. खांब नाही, कुंपण नाही, कुणी मोजायलाही आलं नाही. नुसता रंग होता, तोही पुण्यातल्या कॉम्प्युटरात. पण माळावर काही करायचं म्हटलं की तो रंग आडवा यायचा.

आणि करायची गरज तेव्हाच पडली. जुन्नर-आंबेगावात आता बिबट्याचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही, उसात त्याची पिल्लं वाढतात. आबा कळपाभोवती वाघूर लावायचे. वाघूर म्हणजे दोरीचं जाळं. नाव वाघाचं असलं तरी बिबट्याला ते एका उडीचं काम. एका पावसाळ्यात पाच मेंढ्या गेल्या, पुढच्यात नऊ. दुसऱ्या खेपेला आबा जाळ्याच्या आत झोपले होते, त्यांच्या पायाशी जनावर येऊन गेलं. त्यानंतर आईनं जेवण सोडलं आणि आबांनी ठरवलं, माळावर विटांचं शेड बांधायचं, तारेची जाळी मारायची आणि विजेचा दिवा घ्यायचा. "यंदा शेड झालं तर मेंढरं ठेवायची. न्हाईतर काडून टाकायची," म्हणाले. ही धमकी नव्हती. आबा धमक्या देत नाहीत.

शेडला ना-हरकत दाखला लागतो. त्यासाठी त्यांनी घोडेगावला तालुक्याच्या कचेरीत किती चकरा मारल्या ते मी मोजलं नाही. सकाळची एसटी, दुपारपर्यंत बाक, 'साहेब मीटिंगला गेलेत', संध्याकाळची एसटी. शेवटी एका टेबलावरच्या माणसानं त्यांचा गट नंबर बघितला आणि म्हणाला, "बाबा, हे विमानतळात आहे. इथं काही बांधता यायचं नाही."

"माहीत हाय की. सामाईक हाय त्ये," आबा म्हणाले.

हे त्यांनीच मला फोनवर हसत सांगितलं. त्या माणसाला काही माहीत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी कचेरीच्या जिन्यात उभी होते. म्हटलं, मी रविवारी येते.

तेव्हा पुढचा फेरआढावा सुरू झाला होता आणि हरकती द्यायला आठ दिवस उरले होते. मी अर्ज टाइप करून नेला. आबा माळावर बाभळीखाली लोकर कातरत होते. एका मेंढीचे चारही पाय बांधून तिला कुशीवर टाकली होती आणि कातर पोटाकडून पाठीकडे चालली होती. मी अर्ज पुढे केला. म्हटलं, हरकत आहे, सही करा.

"कशापायी?" त्यांनी वर बघितलं नाही. "सामाईकात कुनी हरकत घेतं व्हय? इहिरीवरनं तुज्या चुलत्याशी चार वर्सं बोललो न्हाई, पर हरकत न्हाई घेतली."

मला तेव्हाच सगळं सांगावं लागलं. म्हटलं, "आबा, सामाईक ह्यो शब्द माजा हाय. त्यांच्या कागदात त्यो न्हाई. त्यांच्या कागदात दोघंच हायती, लष्कर आन इमानवाले. आपुन न्हाई. तुमाला सोपं जावं म्हणून मी लिवलं."

कातर चालू राहिली. एक अख्खी बाजू उतरली.

"आन नोंद?"

"नोंद म्हंजी नुसतं लिवून घेत्यात, आबा."

त्यांनी मेंढीचे पाय सोडले. ती अंग झाडून दूर गेली, अर्धी कातरलेली, अर्धी तशीच. आबा हात पुसत म्हणाले, "म्हंजी त्या कागदात आमी फकस्त तुज्या मनात व्हतो."

ते रागावले असते तर मला सोसलं असतं. त्यांनी अर्ज मांडीवर घेतला आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली. हाताला लोकरीचा चिकटपणा होता, त्याचा डाग कागदाच्या कोपऱ्यात उमटला. तो अर्ज मी स्वतः नेऊन दिला. पोच घेतली.

आठ महिने काही झालं नाही. त्या पावसाळ्यात आबा रोज मेंढरं घरी आणायचे. ओसरीत, अंगणात, जिथं जागा मिळेल तिथं दाटीवाटीनं कोंडायचे. त्यात चार कोकरं चेंगरून मेली. दर आठवड्याला ते फोनवर विचारायचे, "आला का कागद?" आणि मी म्हणायचे, येईल.

कागद आला तो आधी माझ्याच टेबलावर आला. हरकतींची उत्तरं सरांनी इंग्रजीत ठरवली होती, मराठीत मला करायची होती. लग्नानंतर माझं आडनाव बदललं आहे, त्यामुळे सरांना काही कळायचं कारण नव्हतं. "तुमच्याच भागातले लोक आहेत ना," ते म्हणाले, "जरा सोपं लिहा, मागच्या वेळेसारखं." आबांचं उत्तर यादीत खालून तिसरं होतं. अर्जदारानं पहिल्या सुनावणीत हरकत नोंदवलेली नाही, उलट वापराबाबत सूचना करून प्रकल्पास अनुकूलता दाखवली आहे, म्हणून हरकत अमान्य. मांडवातली ती नोंद कुठेतरी खरंच जपून ठेवलेली होती.

हे एक पत्र शेजारच्या मुलीला करायला देता आलं असतं. मी दिलं नाही. दुपारभर बसून मी ते लिहिलं. 'तुम्ही पहिल्या वेळी हरकत घेतली नव्हती. म्हणून आताची हरकत मान्य केलेली नाही. तुमची जमीन आराखड्यात राहील. तिथे शेड किंवा दुसरं कोणतंही बांधकाम करता येणार नाही.' एकही शब्द दोन अर्थाचा ठेवला नाही.

टपाल पोचायच्या आधी मी घरी गेले. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, मेंढरं भिंतीला टेकून उभी होती. आबा उंबऱ्यात बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं. चार ओळींचंच होतं.

"ह्ये बी तूच लिवलंयस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चांगलं लिवलंयस. ह्या खेपेला कुटं अडलं न्हाई."

मग त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. चाकणच्या बाजूचा मेंढरं घेणारा एक व्यापारी आहे, त्याचा नंबर त्यात होता, पण त्यांना तो शोधता येत नव्हता. मी शोधला आणि लावून दिला.