तलावातली साडेतीन मीटरची लाट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मध्ये थांबवलेलं मला चालत नाही. माझ्या अतिशहाणपणामुळे रामटेकजवळच्या एका तलावावर भर सकाळी बोटिंग बंद पडलं होतं!

नागपूरला बेसा भागात राहणारी माझी मावशी निवृत्त शिक्षिका. पाण्याला अशी घाबरते की विचारू नका! "एकदा तरी बोटीत बसायचंय रे," म्हणायची आणि काठावरून परत यायची. तीन महिने मी तिच्या मागे होतो. "मावशी, अंदाज बघून गेलं की कसली आली भीती?"

अखेर ती लाइफ जॅकेट घालून, डोळे घट्ट मिटून बोटीत बसली. मग मी फोन काढला. नेहमीचं हवामानाचं ॲप? छे! ते पाऊस सांगतं, लाटा कोण सांगणार? मी खास बोटवाल्यांचं ॲप घेतलं होतं. उघडलं आणि हादरलोच. लाटा साडेतीन मीटर! वादळी वारा! लहान होड्यांनी पाण्यात जाऊ नये!

"मावशी, उतर! सगळे उतरा!"

"काहून गा?" नावाडी म्हणाला. पाणी तर परातीत ठेवल्यासारखं निवांत.

"विज्ञान सांगतंय, काका!"

"भाऊ, वीस वर्षांपासून बोट चालवून राहिलो. इथं एवढी लाट आली, तर पाहाले मीच तिकीट काढीन!"

"अशा बेफिकिरीनंच अपघात होतात!" मी तिथेच भाषण ठोकलं. रांगेतली दोन कुटुंबं पोरांना ओढत गाडीकडे पळाली.

मावशी थरथरत उतरली. तिचा चेहरा इतका पडला, की समजूत घालायला मी फोनच तिच्या हातात दिला. "हे बघ, भरती सव्वादोनला आहे."

"भरती?" मावशीची थरथर थांबली. "तलावाले?"

तिनं नकाशा बोटांनी लहान केला. आणखी लहान केला.

"पोट्ट्या, मी तीस वर्षं भूगोल शिकवला. हा बंगालचा उपसागर आहे!"

नागपूरजवळ समुद्र सापडेना, म्हणून ॲपनं सगळ्यात जवळचा किनारा धरला होता. तसं आधी विचारलंही होतं त्यानं. मी न वाचताच 'हो' दाबलं. एवढं वाचत कोण बसतं?

नावाडी पोट धरून हसत होता. मावशी नाही हसली. तरातरा जाऊन बोटीत बसली. डोळे सताड उघडे! रागापुढे भीती कुठली टिकते? मी पाय टाकणार, तोच म्हणाली, "तू तिथंच थांब. आंध्राकडून लाट निघाली तर आवाज दे."

बोट निघाली. तिच्यामागची चार बोटं उंच लाट हळूच काठाला आली. आणि खोटं कशाला बोलू? मी दोन पावलं मागे सरकलो!