गाडी माझ्या नावावर, नकाशा मुलाच्या फोनवर

मुलगा फौजेत, म्हणून गाडी माझ्या नावावर घेतली. स्टिअरिंगखाली एक डबी बसवायची आणि गाडी नीट चालवली तर विम्याचा हप्ता कमी, असं काहीतरी होतं. कागदावर सही मी केली, फोन नंबर मुलाचा दिला. चौथी शिकलेय, वाचता येत होतं. कंटाळा केला.

गाडी सून चालवायची. महिन्यातून एकदा ती मला औंधहून सांगलीला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायची. तिथून आम्ही माधवनगरला जायचो. नवऱ्याचा मार खाऊन निघून आलेली माझी मुलगी तिथे खोली घेऊन शिवणकाम करत होती. हे आम्हा दोघींनाच माहीत. मुलाचं आणि जावयाचं भारी जमायचं. मुलाला कळलं की जावयाला कळणार. म्हणून आम्ही फोन बंद करायचो आणि गाडी तीन गल्ल्या अलीकडे लावायचो. फार हुशार समजत होतो स्वतःला. डबी डोक्यातच आली नाही.

एका दुपारी मुलाचा फोन आला. आधी बायकोवर घसरला.

"किती ब्रेक मारतीस! डबीनं मार्क कमी दिल्यात."

"मग उसाच्या ट्रॉलीला धडकू व्हय?"

मग मला म्हणाला, "आई, माधवनगरात कोण हाय? दर महिन्याला गाडी तिथंच दोन तास थांबती."

"तुला कुणी सांगितलं?"

"नकाशा दिसतुय की मला फोनवर."

"गुडघ्याचं औषध देणारी बाई हाय."

"मग सुट्टीला आलो की मीच नेतो तुला."

फोन ठेवल्यावर सून म्हणाली, "आत्या, डबी उपटून टाकू?"

"उपटली तर तेबी त्याला कळंल."

सुनेनं शेजारणीच्या फोनवरून मुलीला कळवलं. आठवड्याच्या आत तिनं खोली सोडली. कुठे जातेस ते मला सांगू नकोस, असं मीच बजावलं. माहीत असतं तर मी गेले असते, आणि गाडीनंच गेले असते. मला एसटीची पायरी चढवत नाही.

मुलगा सुट्टीवर आला. मला शेजारी बसवून त्यानं बरोबर त्याच जागी गाडी उभी केली. मी मुद्दाम उलट्या गल्लीत शिरले आणि कुलूप लावलेल्या एका दाराशी थांबले. तो मागे होताच.

"गेली वाटतं बाई खोली सोडून," मी म्हणाले.

"कुठं गेली?"

"ठाऊक न्हाई."

तेवढं मात्र खरं होतं.