परातीतलं कार्ड

रोख पैशाला माझ्या मामांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या परभणीत सापडायचा नाही. शेती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जन्मभर मातीचे नमुने सांभाळले, पण खिशातली नोट काही सांभाळता आली नाही. नोट दिसली की कुणीतरी उसनी मागणार आणि आपल्या तोंडून नकार निघणार नाही, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्यामुळे पुण्याच्या लेकानं एकदा एका जहाज कंपनीचं गिफ्ट कार्ड पाठवलं, तेव्हा मामांना देव भेटल्यासारखं झालं. यातले पैसे जहाजाशिवाय कुठं चालतच नाहीत, मग उसने देणार कसे? तिथून पुढं दिवाळी असो की वाढदिवस, मामांचं एकच पालुपद, "कपडे नका आणू, मिठाई नका आणू, कार्डात भरा." त्यांच्या निरोप समारंभात शाल हातात घेऊन त्यांनी साहेबांना विचारलं होतं, "ही वापस करून कार्डात भरता येती का?" आणि कार्डाचा नंबर कुठं टिपून ठेवायची सोय नव्हती. "लिहिलेलं चोर वाचतोय," म्हणायचे.

सगळा खटाटोप मामीसाठी. मामीनं समुद्र पाहिलेला नव्हता. कधी काही न मागणारी बाई एकदा सहज बोलून गेली, "एकदा बघावं वाटायलंय." झालं. मामांनी ते मनावर घेतलं, आणि सराव म्हणून तिला येलदरीच्या धरणावर नेऊन एका मासेमाराच्या होडीत तासभर बसवलं. बोट लागते का ते बघायला. बोट लागली ती मामांनाच. मामी मात्र भाकरी-ठेचा खात निवांत बसली होती. "समुद्र याच्याहून लय मोठा असतोय का वो?" एवढंच तिनं विचारलं.

कार्डातले सगळे पैसे घालून दोघांच्या जहाजाच्या सफरीचं डिपॉझिट भरलं त्या दिवशी मामांनी गल्लीभर पेढे वाटले. कार्ड रिकामं झालं म्हणून ते फेकायला निघाले, तर मामीनं हातातून काढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या. परात खरवडायला बेस हाय." तेव्हापासून रोज सकाळी ती त्याच कार्डानं परातीला चिकटलेली कणीक काढायची.

जहाजाला महिना राहिला होता आणि मामी तापानं गेली. चार दिवसांत. मला अजून राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

तेरावा झाल्यावर कंपनीला फोन मीच केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. पैसे परत मिळतील म्हणाली, पण ज्या कार्डातून भरले त्याच कार्डात. तेवढा मागचा नंबर वाचून दाखवा. कार्ड परातीतच होतं, मामीनं ठेवलं होतं तसं. नंबरावर कणीक वाळून कडक झाली होती, आणि त्या कणकेत मामीच्या अंगठ्याचा ठसा होता. मी ओलं फडकं घेऊन आले. मामांनी माझं मनगट धरलं.

"मामा, डिपॉझिट जाईल."

"जाऊ दे. मी आता कुठं जायलोय."

मी फोन ठेवून दिला.

त्यांच्या पोळ्या हल्ली माझ्या घरून जातात, कारण त्या परातीला ते कुणाला हात लावू देत नाहीत. परवा डबा द्यायला गेले, तर परात मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"पोरी," म्हणाले, "दमट हवेनं कणीक सुटती का गं?"

"न्हाई सुटत, मामा," मी म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं.