मूठभर मका

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे गिरणवाली म्हणायचे. पदवी रसायनशास्त्राची, नोकरी चोवीस वर्षांची, पण अख्खा दिवस जायचा धान्य दळण्यात, म्हणून. धान्यातलं बुरशीचं विष शोधणं हे आमचं काम. मी शेवटच्या खोलीत गार हवेत यंत्रापुढे बसते, आकडे वाचते आणि शहाणी ठरते. ती पहिल्या खोलीत कानात बोळे घालून पोती रिकामी करायची आणि पांढऱ्या भुवया घेऊन जेवायला यायची. "पीठ किती आणि म्हातारपण किती, ते आता मलाच कळत नाही," म्हणायची.

तिच्या दारावर तिनं स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही.' नव्या माणसाला ती कारणही सांगायची. भात एका पातेल्यात एकसारखा शिजतो, बुरशीचं तसं नसतं. पोत्यातले हजारो दाणे स्वच्छ असतात आणि कुठल्यातरी ओल लागलेल्या कोपऱ्यात मूठभर दाणे सगळं विष घेऊन बसलेले असतात. म्हणून पोकळ सळई पोत्यात ठिकठिकाणी तळापर्यंत खुपसायची, निघेल तेवढं सगळं दळायचं, नीट कालवायचं आणि मगच त्यातलं थोडंसं पुढे तपासायला द्यायचं. पुडीत चार दाणे घेऊन येणाऱ्याला ती दारातूनच हाकलायची, मग तो कितीही मोठा व्यापारी असो. सगळे तिला टरकून असत. मीही.

धाकट्या बहिणीला मात्र तिनं हाकललं नाही.

त्यांची आई धाकटीकडे असायची. दात गेलेले, पोट नाजूक, मऊ पेजेशिवाय काही उतरेना. धाकटीनं खास आईसाठी मक्याचं पोतं घेतलं. घरात दुसरं कोणी मका खात नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती डबीत मूठभर मका घेऊन फाटकाशी आली. "आईला द्यायचाय, एकदा बघून दे ना ताई."

सुट्टी अर्ध्या तासाची. गिरणवालीनं ते दाणे खलात कुटले, द्रावणात हलवले, गाळले आणि झटपट तपासणीची पट्टी बुडवली. या पट्टीचा न्याय उलटा असतो. दोन रेघा उमटल्या तर धान्य बरं, एकच उमटली तर विष. दोन उमटल्या, चांगल्या ठसठशीत.

"घाल आईला बिनधास्त," ती म्हणाली. धाकटी हसत गेली. मी तिथेच उभी होते आणि मलाही पाटी आठवली नाही, हे आधीच सांगून टाकते.

दोन महिन्यांत आई पिवळी पडली, पोट फुगलं आणि गेली. डॉक्टर म्हणाले, यकृत थकलं, वय झालं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला धाकटी रडत रडत सांगायची, "खाण्यात काही हयगय केली नाही हो. मकासुद्धा ताईनं तपासला होता." गिरणवाली शेजारी बसून मान हलवायची. घरात माणूस गेलेलं असताना डोकं चालत नाही. तिचंही चाललं नाही.

चाललं ते महिन्यानं. आम्ही डबे उघडून बसलो होतो. धाकटीचा फोन आला. गिरणीच्या आवाजानं हिचे कान गेलेले, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर.

"ताई, आईचा मका अर्धं पोतं उरलाय. वरच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकते. तीन लहान पोरं आहेत त्यांची."

"दे की," म्हणत हिनं घास उचलला आणि तो तोंडाशीच थांबला. "ए, तू मला आणलेला मका पोत्यातून कुठून काढला होतास?"

"वरूनच. चांगला निवडून आणला होता, काळे-बिळे दाणे काढून. तुझ्या ऑफिसात कचरा कसा आणायचा? तुलाच बोलले असते ना लोक."

तिनं घास डब्यात ठेवला. "कुणालाही देऊ नकोस. मी येतेय."

अर्धं पोतं रिक्षातून आलं. त्या दिवशी तिनं सळईसुद्धा घेतली नाही, सगळाच्या सगळा मका दळला. संध्याकाळपर्यंत गिरणी बंद झाली नाही. मग अर्क काढला, गाळला आणि दिव्याखाली धरला. या विषाला जांभळ्या दिव्याखाली निळी चमक येते. आली. यंत्रावर मी आकडा काढला, चुकला असेल म्हणून पुन्हा काढला. चालतं त्याच्या चाळीसपट.

"त्यानंच गेल्या असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही," मी म्हटलं.

"त्यानं नाही गेली असंही कोणी सांगू शकत नाही."

"मग बोलूच नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोतं इथे आलंय, पोरं वाचली. त्या बिचारीला आता कशाला सांगायचं? निदान तिला तरी झोप लागू दे."

"ती अजून गावभर सांगते, ताईनं तपासलं होतं," ती म्हणाली. "मला ते ऐकवत नाही गं. आणि उद्या ती दुसरं पोतं आणेल, पुन्हा वरचे चांगले दाणे बघेल." मग ती भोकाड पसरून रडली. चोवीस वर्षांत कोणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला तिचा राग येत होता आणि तिला सोडून घरी जाववतही नव्हतं. मी सोबत गेले.

धाकटी ओट्याशी भांडी घासत होती. गिरणवाली दारातच उभी राहून बोलली, बसलीसुद्धा नाही. "पोत्यात विष होतं. मी मूठभर बघून बरं म्हटलं. दुसऱ्या कुणाला बघू दिलं नसतं, मी मात्र बघितलं. चूक माझी आहे, तुझी नाही. ऐकतेयस ना? तुझी नाही."

धाकटीनं नळ बंद केला. रागावेल, ओरडेल, हाकलून देईल असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"आई म्हणायची, कुबट लागतंय," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तर तोंड मिटून घ्यायची. मी रागवायचे तिला. हनुवटी धरायचे आणि म्हणायचे, ताईनं तपासलंय, गिळ मुकाट्यानं."

तिच्या हातात आईची वाटी होती. घासून झालेली ती वाटी तिनं पुन्हा घासायला घेतली. आम्ही दोघी दारात उभ्या होतो.